मे महिन्यातला मफलर

गोंदियाच्या मे महिन्यात कोणी गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून फिरताना दिसला, तर लोक त्याला ताप आलाय म्हणतील, नाहीतर डोक्यावर परिणाम झालाय म्हणतील. रहांगडाले सर मात्र रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असताना तपकिरी मफलर गुंडाळून आमगावच्या बाजारातून निघायचे आणि कोणी वळूनही पाहायचं नाही. त्या मफलरचा अर्थ अख्ख्या आमगावाला पाठ होता. सरांना कोणालातरी ‘नाही’ म्हणायचं आहे, एवढाच तो अर्थ.

सरांच्या तोंडून नकार निघत नसे. लग्नात मंगलाष्टकं म्हणायला बोलावलं, शाळेत जनगणनेचं काम आलं, शेजाऱ्यानं पोराला फुकट पेटी शिकवा म्हटलं, की सर मान डोलावून हो म्हणत. ऐन वेळी मफलर गुंडाळून दारात उभे राहत आणि खाकरून म्हणत, “आज घसा बरोबर नाही बाप्पा.” गाणाऱ्या माणसाच्या घशाबद्दल कोण वाद घालणार? एकदा त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, त्यांना चक्कीवरून दळण आणायला सांगितलं तेव्हाही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. “दळण का गळ्यात घालून आणतेत जी?” असं काकूंनी विचारल्यावर आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. सर आमच्याहून जास्त हसले. मीही त्यांच्या या खोडीवर फार प्रेम केलं. आपल्यावर पाळी येत नाही तोवर माणसाच्या खोडी गोडच लागतात.

माझी आणि त्यांची ओळख लाउडस्पीकरमुळे झाली. मी गोंदियात एका मंडप-लाउडस्पीकरच्या दुकानात कामाला होतो. राहायला जवळच्या मुर्री गावात. एका व्यापाऱ्याच्या घरी गाण्याची बैठक होती आणि आमच्या शेठनं दोन मोठे भोंगे, अँप्लिफायर असं सगळं पाठवलं होतं. मी वायरी जोडत होतो, तर एक ठेंगणा, गोरा, पांढऱ्या शर्टातला माणूस येऊन म्हणाला, “हे कायले आणलं?”

“गाण्यासाठी, सर. माईक.”

“शंभर माणसं आहेत, पोट्ट्या. लाख नाही. मी का निवडणुकीले उभा आहो? काढ सारं.”

मी काढलं. शेठ आता माझा पगार कापणार म्हणून मनातल्या मनात त्यांना शिव्याही दिल्या. पण त्या दिवशी त्यांचा तबलजी आला नाही; त्याची गाडी तिकडे तिरोड्याच्या पलीकडेच अडकली होती. कोणीतरी म्हणालं, हा वायरवाला पोट्टा वाजवतो थोडंबहुत. ते खरं होतं. माझे बाबा भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे, जयंतीच्या दिवसांत त्यांना जेवायला सवड नसायची. त्यांचा हात पाहून माझा हात तयार झाला होता, आणि गोंदियातल्या एका म्हाताऱ्या उस्तादांनी पुढं मला तबला शिकवला होता. उस्ताद वारल्यापासून मात्र माझा तबला घरात पडूनच होता.

मी सरांच्या उजव्या हाताला बसलो. तबलजीची जागा तीच. सरांनी अगदी संथ, विलंबित ख्याल सुरू केला. इतकं संथ मी कधी वाजवलंच नव्हतं. आमच्याकडं ढोलकीवर माणसं नाचतात; इथं दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस पाणी पिऊन येईल एवढी जागा. मला ती रिकामी जागा सोसेना. मी बोटं घालून ती भरायला लागलो. सरांनी गाता गाता माझ्याकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “घाई कायची आहे बाबू? सम का पळून जाऊन राहिली?”

सम म्हणजे तालाच्या फेऱ्याची पहिली मात्रा. गाणारा कितीही भटकून आला तरी तिथं त्याला तबलजी भेटतोच. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा नीट समेवर भेटलो, तेव्हा सरांनी उजवीकडं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि हसले. लहान मुलाला हरवलेली वस्तू सापडावी तसं ते हसू होतं. मग पुढची कितीतरी वर्षं मी त्या हसण्यासाठी दर रविवारी गोंदियाहून पॅसेंजरनं आमगावला जात राहिलो.

त्या रविवारांबद्दल किती सांगू! सरांची बैठकीची खोली म्हणजे एक सतरंजी, दोन तानपुरे, कुरकुरणारा कूलर आणि खिडकीत वाळत घातलेल्या मोहाच्या फुलांचा वास. सर शाळेत हिंदी शिकवायचे. मूळचे दवनीवाड्याचे, घरची धानाची शेती. काकूंशी पोवारीत बोलत, माझ्याशी आमच्या बोलीत, आणि रागाबद्दल बोलू लागले की एकदम शुद्ध हिंदीत शिरत. वाजवताना माझं चुकलं तर थांबत नसत. गाणं संपल्यावर चहा घेताना म्हणत, “तिसऱ्या फेऱ्यात तू बाजारात गेल्तास वाटते. काय आणलं?” कौतुक करायचं असलं तर काहीच बोलत नसत, आपल्या बशीतलं बिस्कीट उचलून माझ्या बशीत ठेवत. ज्या रविवारी दोन बिस्किटं मिळत, त्या रविवारी मी परतीच्या गाडीत उभ्यानंच मांडीवर बोटं नाचवत यायचो.

आम्ही बौद्ध, सर पोवार. दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्यांना यातला फरक चांगला ठाऊक होता. पण सर पहिल्यांदा मुर्रीला आमच्या घरी आले ते सरळ बाबासाहेबांच्या फोटोखालच्या खाटेवर बसले आणि मायला म्हणाले, “वहिनी, भूक लागली. काय केलं?” मायनं भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण वाढलं. सर दोनदा मागून जेवले. ही गोष्ट बाबांनी पुढं कोणाकोणाला सांगितली याची गणती नाही. चौकात, गिरणीवर, पार्टीच्या तालमीत. “गुरुजी आपल्या घरी मांगून जेवले,” असं सांगताना ढोलकीवर थाप मारावी तशी ते मांडीवर थाप मारत.

मोबाईल नुकते सगळ्यांच्या खिशात येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. कोकणात समुद्रकाठच्या एका गावी दर उन्हाळ्यात तीन दिवस गाण्याच्या बैठकी होत. नारळाच्या बागेत एक मोठं कौलारू घर, त्याच्या ओसरीत शे-दीडशे माणसं, माईक नाही, जाहिरात नाही. कान तयार असलेली माणसं लांबलांबून तिथं येत. गोंदियाच्या एका बँकेत काही वर्षं साहेब असलेल्या गृहस्थांनी तिथं सरांचं नाव सुचवलं आणि सरांना बोलावणं आलं. झाडीपट्टीतल्या माणसाला असं बोलावणं येणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. पुण्या-मुंबईच्या गाणाऱ्यांना गोंदिया म्हणजे नागपूरच्या पलीकडं कुठंतरी, एवढंच माहीत.

सर ती बातमी सांगायला मुद्दाम मुर्रीला आले. बाबांसमोर म्हणाले, “तबल्यावर मिलिंदच. माया उजव्या बाजूले दुसरा कोणी बसूच शकत नाही.”

बाबांनी त्या दिवशी काय करायचं बाकी ठेवलं! पार्टीतल्या सगळ्या मंडळींना चहा पाजला. “माया पोट्टा समुद्रावर वाजवाले जाऊन राहिला,” असं ते सांगत. जणू मी पाण्यावरच बसणार होतो. माझ्या शेठनंही रजा दिली. “बिना माईक का प्रोग्राम? अरे, पैसे बचा रहे हैं क्या?” असं म्हणून तो हसला, पण खिशातून शंभराची नोट काढून माझ्या हातावर ठेवली.

आता थोडं तबल्याबद्दल सांगावं लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. एकच तबला हव्या त्या स्वरात लावता येत नाही. पेटीच्या पट्टीवरून स्वराला नाव असतं: काळी एक, काळी दोन. काळी एकचा तबला तोंडानं मोठा, काळी दोनचा लहान. हातोडीनं ठोकून थोडा चढवता येतो, थोडा उतरवता येतो. फार उतरवला तर तो बोलायचाच बंद होतो, बद्द वाजतो. म्हणून गाणारा कोणत्या पट्टीत गाणार हे तबलजीला आधी कळावं लागतं. माझ्याकडं दोन्ही होते. काळी दोनचा मी मुलींच्या गाण्यासाठी घेतला होता. सर मात्र मी त्यांना ओळखत होतो तेव्हापासून काळी एकमध्येच गात आले होते.

जायच्या पंधरवड्याआधी सर अचानक म्हणाले, “मिलिंद, आवाज मोकळा झाला बाप्पा. तिकडं काळी दोनमधून गाईन म्हणतो. लहान तबला आण. थोरल्याचं ओझं कायले वाहतं?”

मी चकित झालो. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाला ही पट्टी उंच. पण सर म्हणतात म्हणजे विचार करूनच म्हणत असतील. त्या पंधरवड्यात आम्ही रोज काळी दोनमध्ये रियाज केला. शाळेला सुट्ट्याच होत्या, मी दुकानातून लवकर सुटून आमगाव गाठायचो. बाहेर गरम वाऱ्याची लू वाहत होती आणि आत सर त्या उंच पट्टीशी झटत होते. वरच्या षड्जावर पोचताना त्यांचा आवाज फाटायचा, मानेच्या शिरा फुगायच्या. काकू आतून ओरडायच्या, “काऊन एवढं किंचाळून राहिले जी? कोणी मारून राहिलं का?” सर पाण्याचा घोट घेत आणि पुन्हा चढत. एवढ्या वयात नवीन काही करायला निघालेला हा माणूस पाहून माझा ऊर भरून यायचा. मी घरी येऊन बाबांना सांगायचो, सरांचं धाडस पाहा म्हणून.

स्टेशनवर बाबांच्या पार्टीनं आम्हाला हार घातले. थोरला तबला घरी ठेवून, लहान तबला मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो त्या प्रवासाच्या शेवटी. त्याच्याबद्दल मी काही लिहीत नाही. लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे, आणि मला तो आठवतो तो एकाच गोष्टीसाठी: त्या हवेत माझ्या तबल्याची पुडी सैल पडली. आमच्याकडच्या कोरड्या उन्हात तणतणणारं चामडं तिथं पोचताच दमट झालं. मी संध्याकाळभर हातोडी घेऊन त्याला पुन्हा काळी दोनवर चढवत बसलो. सरांना म्हटलं, एकदा बसू या का सोबत? सर म्हणाले, “प्रवासानं दमलो. सकाळीच बसू.”

सकाळची पहिली बैठक आमची. मी आंघोळ करून, बाबांनी मुद्दाम शिवून घेतलेला पांढरा कुडता घालून ओसरीमागच्या खोलीत गेलो. सर आधीच येऊन बसले होते. त्यांच्या गळ्याला मफलर होता.

मी दारातच थबकलो. इतक्या वर्षांत तो मफलर पाहून मी एकदाही घाबरलो नव्हतो. आज कोणाला नाही म्हणायचं असेल, असं माझ्या मनात आलं. कोण आहे इथं सरांच्या ओळखीचं? मग तानपुऱ्याचा सूर कानावर आला. दोन्ही तानपुरे लावून तयार होते आणि ते काळी एकमध्ये होते.

“सर, तानपुरे खाली लागले,” मी म्हणालो.

सर खाकरले. “समुद्राची हवा बाप्पा. घसा बरोबर नाही आज. काळी एकच घ्यावी लागते.”

मी खाली बसलो आणि तबला उतरवायला लागलो. बाजूचे लाकडी गट्टे वर ठोकले, कडेनं ठोकलं. तबला काळी दोनवरून खाली आला, आणखी खाली आला, आणि मग बद्द झाला. पाट्यावर पीठ आपटावं तसा आवाज. माझ्या कपाळाला घाम सुटला. तेवढ्यात बैठकीच्या यजमान बाई आत आल्या. त्यांच्यासोबत एक तरुण, लांब बोटांचा, पुण्याचा तबलजी. त्यानं वाकून सरांना नमस्कार केला, कव्हरातून मोठ्या तोंडाचा तबला काढला, एकदाच टिचकी मारली. तबला तानपुऱ्यात मिसळून गेला.

“सर, तुम्ही फोनवर काळी एक म्हणाला होतात, म्हणून हा एकच घेऊन आलोय,” तो मोकळेपणानं म्हणाला. “काल रात्रीच लावून ठेवला.”

यजमान बाई माझ्याकडं वळून हसल्या. “आणि हे तुमचे शिष्य ना, तानपुऱ्यावर बसणारे? या, या. तुमची जागा मागे केली आहे.”

मी सरांकडं पाहिलं. सर तानपुऱ्याच्या खुंटीशी चाळा करत होते. तानपुरा अगदी बरोबर लागलेला होता.

नंतर जेवताना त्या पुण्याच्या मुलानं सहज बोलता बोलता सांगितलं, की बाईंनी बोलावणं करतानाच ‘तबलजी आम्ही देतो’ म्हटलं होतं आणि सर लगेच हो म्हणाले होते. बिचाऱ्याचा यात काय दोष? तो मला आग्रह करून सोलकढी वाढत होता. म्हणजे सर मुर्रीला बाबांसमोर ‘दुसरा कोणी बसूच शकत नाही’ म्हणाले, तेव्हा तो दुसरा ठरून गेला होता. सरांना बाईंपाशीही नाही म्हणता आलं नाही आणि माझ्यापाशीही. म्हणून पंधरा दिवस हा माणूस भर उन्हाळ्यात, शिरा ताणून, आपल्या नसलेल्या पट्टीत किंचाळला. माझा तबला ऐन वेळी निकामी ठरावा म्हणून. एवढे कष्ट केले. एक वाक्य मात्र बोलवलं नाही.

माझ्या मनात तो दुसरा प्रश्नही आला. आमच्या घरातल्या माणसाच्या मनात तो सगळ्यात आधी येतो. मी मेश्राम नसतो तर? मी पुष्कळ दिवस तो प्रश्न उलटसुलट करून पाहिला. जात हेच कारण असतं तर एका परीनं बरं झालं असतं. उभं राहून भांडता आलं असतं. पण सर तसे नव्हते. त्यांनी मला टाकलं ते केवळ तोंडावर नाही म्हणायचा कंटाळा म्हणून, दळण टाळावं तसं.

मी तानपुऱ्यावर बसलो. नीट छेडला. तो बिघडवण्याचं माझ्या मनातही आलं नाही, हे मी स्वतःची थोरवी म्हणून सांगत नाही; तारेवर बोट पडल्यावर मला चुकीचं काही करताच येत नाही. सरांनी तोडी गायली. आणि काय गायली! खोटं कशाला बोलू? काळी एकमध्ये, आपल्या घरच्या पट्टीत आल्यावर त्यांचा आवाज असा सुटला, की समोरची ती तयार कानांची माणसं पुढं सरकून बसली. मी त्यांच्या पाठीमागून ऐकत होतो. हाच ख्याल आम्ही वर्षानुवर्षं बसवला होता. कुठं थांबायचं, कुठून वळायचं, सगळं माझ्या बोटांना पाठ होतं. तानपुऱ्याच्या तारा छेडताना माझी डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती.

मग ती सम आली. लांबून फिरत, रेंगाळत सर तिच्यावर येऊन टेकले आणि नेहमीच्या सवयीनं उजवीकडं मान वळवून हसले. तेच हसू. पुण्याचा मुलगाही हसला. तबला हातातून गेला त्यापेक्षा ते हसू दुसऱ्याकडं गेलं याचंच मला जास्त लागलं. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही लागतं.

परतीच्या गाडीत सर बरंच बोलले. श्रोत्यांबद्दल, बाईंच्या घरच्या उकडीच्या मोदकांबद्दल. वर्धा गेल्यावर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “पुढच्या वर्षी तुले वाजवाचंच आहे तिथं. सम का पळून जाऊन राहिली?” मी मांडीवरच्या तबल्याची गाठ पुन्हा बांधली. घरी जाऊन बाबांना काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. खरं ते सांगायचं मी ठरवलंही होतं. बाबांना राग आला असता, ते चार शिव्या हासडून मोकळे झाले असते, आणि मीही.

पण सर गोंदियाला उतरले ते आमगावची गाडी न धरता माझ्यासोबत रिक्षात बसले. हातात हापूसची पेटी. घरी सगळी पार्टी वाट पाहत बसलेली. सरांनी पेटी बाबांच्या हातात दिली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “भाऊ, तुमच्या पोट्ट्यानं मैफल उचलून धरली. लोक वाहवा करून राहिले होते.”

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी तिथंच पेटी फोडली आणि एकेक आंबा वाटायला सुरुवात केली. हापूस आंबा मुर्रीत कोणी कशाला पाहिला असेल! “समुद्रावरचा आहे, समुद्रावरचा,” म्हणत बाबा दारोदार गेले. माय माझ्याकडं पाहत होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. सरांनी आधी माझी जागा घेतली होती. आता ती गेली म्हणून रडायचीही सोय ठेवली नाही.

मी आमगावला जाणं सोडलं. सरांचे निरोप आले. पहिल्यांदा मी काम आहे सांगितलं, दुसऱ्यांदा फोन उचलला नाही. त्यांनीही मग विचारलं नाही. मात्र सरांचं ‘मैफल उचलून धरली’ हे वाक्य गावभर पसरलं होतं. समुद्रावर वाजवून आलेला म्हणून गोंदियात मला शिकवण्या मिळाल्या. मुलांचे आईबाप माझी ओळख करून देताना आधी तेच सांगत. मी दरवेळी दुसरीकडं पाहायचो.

काही वर्षांनी सरांचा घसा खरंच गेला. आत गाठ निघाली. सुरुवातीला ते सांगत तेव्हा कोणाचा विश्वासच बसेना. लोक म्हणत, सरांना कोणाला तरी टाळायचं असेल. काकूंनाही वाटलं, गंमत करतात. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर काकूंनी मला फोन केला. “त्यायले तुले पाहाचं आहे. तबला घेऊन ये,” म्हणाल्या.

मी गेलो. थोरला, काळी एकचा तबला घेऊन गेलो. सतरंजी तीच, कूलर तोच. सर पलंगावर उशीला टेकून बसले होते, इतके बारीक झाले होते की शर्ट कोणा दुसऱ्याचा वाटावा. मी तबला उघडून समोर ठेवला. त्यांनी हात लांब करून त्याच्या काठावरून बोट फिरवलं.

“काळी एक?” आवाज नव्हता, नुसता वारा होता.

“हो, सर.”

मी वाट पाहत होतो. मला एकच वाक्य हवं होतं. त्यांनी ते म्हटलं असतं तर मी तिथंच त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं, इतकं माझं त्यांच्यावर प्रेम होतं. सर म्हणाले, “तवा हाच आणला असता ना तू... तं तूच वाजवला असता.”

माझ्या कानशिलात आग झाली. “सर, काळी दोन तुम्ही सांगितली होती. लहान तबला आण, थोरल्याचं ओझं कायले वाहतं, असं तुम्ही म्हणाले होते. इथंच बसून.”

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मग उशाशी चाचपून मफलर काढला आणि हळूहळू, दोन वेढे देऊन, गळ्याला गुंडाळला. मला हसू आलं आणि त्याच वेळी तिथली एखादी वस्तू फोडावीशी वाटली. मी तबला बांधला. काकूंनी चहासोबत बशीत दोन बिस्किटं ठेवली होती. ती तशीच ठेवून मी निघालो.

पावसाळ्याच्या तोंडावर सर गेले. शाळेच्या सभागृहात शोकसभा झाली. माईक आमच्याच दुकानाचा. बाबांचे गुडघे गेलेले, तरी हट्टानं आले आणि पहिल्या रांगेत बसले. बोलणाऱ्या प्रत्येकानं सरांच्या स्वभावाचं कौतुक केलं: कधी कोणाला दुखावलं नाही, कधी कोणाला नाही म्हटलं नाही. शेवटी मुख्याध्यापकांनी माझं नाव पुकारलं. “समुद्रकाठच्या त्या मैफलीत सरांना साथ करणारे मिलिंद मेश्राम.”

मी उभा राहिलो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं. मी प्रत्येक वाक्य तोलून बोललो. सरांनी मला संथ वाजवायला शिकवलं, असं सांगितलं. सर आमच्या घरी मागून जेवले, तेही सांगितलं. मग म्हणालो, “त्या सकाळी सरांनी तोडी गायली. तशी तोडी मी पुन्हा ऐकली नाही. मी त्यांच्या अगदी मागेच बसलो होतो.”

टाळ्या झाल्या नाहीत, शोकसभा होती. पण लोकांनी माना हलवल्या. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. फक्त पहिल्या रांगेत बाबांची मान वर झाली. उभा जन्म ढोलकी गळ्यात घातलेला माणूस तो. तबलजी कुठं बसतो, हे त्याला सांगायला लागत नाही.

घरी येऊन बाबा खाटेवर बसले, पायातल्या चपला तशाच. मायला पाणी नको म्हणाले. मग मला समोर बोलावलं.

“मांगं बसला होता तू?”

“हो, बाबा.”

“तानपुरा धरून?”

“हो.”

त्यांनी भिंतीकडं पाहिलं. ज्यांना त्यांनी दारोदार हिंडून आंबे वाटले होते ती माणसं एकेक करून त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावीत. त्यांतली काही आता हयातही नव्हती.

“मंग ते आंबे मी कायचे वाटले रे?” बाबा म्हणाले. “सांग ना. कायचे वाटले?”

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. सरांचा फोन, काळी दोन, तो पंधरवडा, मायचं माझ्याकडं पाहणं. सगळं जिभेवर आलं होतं. मी खाकरलो.

“आज घसा बरोबर नाही, बाबा,” मी म्हणालो.